नजर माशीवर: दुर्बिणीशिवाय एअर रायफल शिकणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीचा एक मुलगा वडिलांना घेऊन नेमबाजीच्या रेंजवर आला. खांद्याला नवी कोरी स्प्रिंगची एअर रायफल, तिच्यावर हातभर लांब दुर्बीण. परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघून त्याने ती घेतली होती. दहा मीटरवरून दहा छर्रे मारले, कागदावर चार सापडले. "ताई, माझा हातच स्थिर नाही," असं म्हणत तो खाली बसला. मी दुर्बीण धरून हलवली तर ती बैठकीसकट हलली. ती उतरवून ठेवली, नळीच्या टोकावरचा मूळ खांब, म्हणजे माशी, आणि तिच्याशी जुळवायची मागची खाच मोकळी केली आणि त्याला म्हटलं, आता कागद विसर, फक्त ही माशी बघ. तासाभराने त्याचे पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत बसले. हात तोच, रायफलही तीच.

हे लिहिण्याचं कारण तोच मुलगा. त्याच्यासारखे बरेच जण येतात आणि बहुतेकांची समजूत अशी की ओपन साइट, म्हणजे ही माशी आणि खाच, गरिबाची सोय, खरा नेम दुर्बिणीचा. तसं नाही. ऑलिंपिकमधली 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर रायफल या दोन्ही स्पर्धांत दुर्बिणीला परवानगीच नाही. मुंबईच्या अंजली भागवत 2000 साली सिडनीत अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर 2004 साली अथेन्समध्ये पोहोचल्या, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं. हे सगळं दुर्बिणीशिवाय, मागे खाचेऐवजी बारीक भोक आणि पुढे माशीऐवजी कडी एवढ्यावरच.

आधी कायदा, मग रायफल

भारतात शिकार चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि जनावर मेलं तरच शिकार असंही नाही. मारण्याचा, पकडण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारीतच धरला जातो. कबुतर, कावळा, भटका कुत्रा यांच्यावर छर्रा झाडणं हीदेखील क्रूरता आहे आणि त्यासाठी 1960 चा वेगळा कायदा आहे. ठाण्याच्या येऊरला किंवा गोरेगावच्या आरेच्या झाडीत "जरा चालवून बघू" म्हणून रायफल नेऊ नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर मुळीच नाही.

इथे सलीम अलींची आठवण होते. 1908 च्या सुमारास खेतवाडीत मामाकडे राहणाऱ्या या पोराने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, असा प्रश्न पडला म्हणून मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं आणि त्या भेटीतून देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. तो काळ वेगळा होता. आज ज्याच्या हाती एअर रायफल आहे त्याने पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्यावी आणि रायफल कागदासाठी ठेवावी.

4.5 मिलिमीटर बोअरच्या (म्हणजे नळीच्या भोकाच्या), 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या साध्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. तरी बिल आणि ओळखपत्राची प्रत रायफलच्या पेटीतच ठेवा. लोकलने नेताना रायफल रिकामी, पेटी बंद, आणि छर्रे वेगळ्या पिशवीत. गॅलरीतून, गच्चीवरून, चाळीच्या बोळातून सराव नको. एअर रायफलचा छर्रा शेकडो मीटर जातो आणि आपल्या शहरात शेकडो मीटर रिकामी जागा कुठेच नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुरुवात अशा ठिकाणी, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली करा.

रायफल हातात घेताना

चार गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत छर्रा भरूच नका. नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने. बोट चापाच्या बाहेर, माशी जागेवर येईपर्यंत. डोळ्यांवर चष्मा, कारण छर्रा लक्ष्यामागच्या कडक फळीवर आपटला तर उलट येतो. चौथी गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: मधून मोडणाऱ्या रायफलमध्ये नळी खाली ओढून छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. अडकण सुटली तर नळी वर झेपावते आणि भरणारं बोट मध्ये सापडतं. हे मी एका मुलीच्या बाबतीत समोर घडताना पाहिलं आहे. तिचं नख गेलं, बोट वाचलं. तेव्हापासून नळीवर हात नसेल तर मी डबीतला छर्रा उचलू देत नाही.

आणि स्प्रिंगची रायफल रिकामी झाडू नका. चाप ओढला की आतली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि त्याने दाबलेली हवा छर्रा उडवते. पुढे छर्रा असला की हवेचा दाब पिस्टनला उशीसारखा थोपवतो. छर्रा नसेल तर पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आपटतो आणि त्याचं सील जातं.

स्वस्त दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलवर टिकत नाही, त्याचंही कारण हाच पिस्टन. तो सुटताना रायफल मागे धक्का देते आणि पिस्टन टोकाला पोहोचताना पुढे. हा दुहेरी धक्का बैठकीचे स्क्रू ढिले करतो, आतल्या काचा सरकवतो. माशी आणि खाच लोखंडाची, त्यांना यातलं काही होत नाही.

कोणता डोळा

दोन्ही हात समोर ताणा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा मुख्य डोळा डावा निघाला तर रायफल डाव्या खांद्याला लावून बघावी. महिनाभर अवघड जातं, पुढे फायदाच होतो.

दुसरा डोळा मात्र आवळून मिटू नका. गालाचे स्नायू ताठरतात आणि पाच मिनिटांत नेम धरणारा डोळाही पाणावतो. चष्म्याच्या किंवा टोपीच्या कडेला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून तो डोळा झाका आणि आत उघडाच राहू द्या. पट्टी पांढरीच घ्या. काळी लावली तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्यामागे दुसरीही.

माशी आणि खाच

सगळी विद्या इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबते.

नळीच्या टोकावरचा उभा खांब म्हणजे माशी. डोळ्याच्या बाजूला, नळीच्या मागच्या टोकाला जी चौकोनी खाच असते ती बॅकसाइट. माशी खाचेत अशी बसवायची की माशीचा माथा आणि खाचेच्या दोन्ही कडा एका ओळीत येतील, आणि माशीच्या डावीकडे जेवढा उजेड दिसतो तेवढाच उजवीकडे दिसेल. वर समान उंची, बाजूंना समान उजेड. एवढंच चित्र. कागदावर पेन्सिलीने दहा वेळा काढा, मग रायफल उचला.

आता प्रश्न, बघायचं कशाकडे? खाच डोळ्यापासून वीतभर-दीडवीत, माशी हातभर, लक्ष्य दहा मीटर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळतो. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणार नाहीत, कोणालाच दिसत नाहीत. मग स्पष्ट ठेवायची ती माशी. तिची कड ब्लेडसारखी दिसली पाहिजे. खाच जरा धूसर, आणि लक्ष्याचा काळा गोल तर पावसात भिजलेल्या शाईच्या डागासारखा. नवशिक्याला हे पटत नाही, कारण आपल्याला मारायचं लक्ष्य आहे, माशी नव्हे. पटत नसेल तर हिशेब करू.

साधारण एअर रायफलवर माशी आणि खाच यांच्यात 45 सेंटिमीटर अंतर धरा. माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली, तर ही चूक दहा मीटरपर्यंत वाढत जाऊन छर्रा सुमारे 11 मिलिमीटर बाजूला लागतो. उलट माशी आणि खाच अगदी जुळलेली आहेत, पण हात थरथरतोय म्हणून आख्खी रायफलच समांतर अर्धा मिलिमीटर सरकली, तर छर्राही फक्त अर्धा मिलिमीटरच सरकतो. म्हणजे थरथरीचा दोष कमी आणि माशी सुटल्याचा जास्त. तुम्ही लक्ष्याकडे टक लावून पाहता तेव्हा माशी धूसर होते, ती खाचेत कुठे आहे हे कळत नाही आणि 11 मिलिमीटरची चूक तुमच्या नकळत होते. त्या डोंबिवलीच्या मुलाचं पुढे नेमकं हेच होत होतं. मी त्याच्या कानाशी "माशी, माशी" म्हणत राहिले तोवर छर्रे एकत्र पडले, मी गप्प बसले की पुन्हा पांगले.

आमच्या एनसीसीतल्या उस्तादांची एक युक्ती अजून वापरते. लक्ष्याचा कागद उलटा लावा. कोरा पांढरा कागद, त्यावर गोल नाही, आकडे नाहीत. त्याच्या मध्यावर अंदाजाने नेम धरा आणि पाच छर्रे मारा. बघायला काहीच नसल्यामुळे डोळा आपोआप माशीवर येतो. पहिल्या महिन्यात निम्मा सराव असा करा.

चाळिशी उलटलेल्यांना माशीची कड स्पष्ट दिसत नाही, तो वयाचा भाग आहे. वाचायचा चष्मा इथे चालत नाही, त्याचा नंबर जास्त पडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की हातभर अंतरावरचं टोक स्पष्ट हवं आहे. बहुतेकदा दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण अधिक करून काम भागतं.

गोल कुठे ठेवायचा

काळ्या गोलाच्या मध्यावर माशी आणली तर काळ्यावर काळं, माथा दिसतच नाही. म्हणून बहुतेक जण गोल माशीच्या माथ्यावर टेकवतात, घड्याळातल्या सहाच्या आकड्यापाशी. मी गोल आणि माशी यांच्यामध्ये पांढऱ्या कागदाची एक बारीक रेघ ठेवायला सांगते. टेकला की नाही हे ठरवण्यापेक्षा पांढरी रेघ तेवढीच आहे का हे पाहणं डोळ्याला सोपं जातं.

यात एक मेख आहे. 10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा काळा भाग 30.5 मिलिमीटरचा असतो, म्हणजे नेम तळाशी आणि छर्रा मध्यावर लागण्यासाठी छर्रा नेमापेक्षा 15 मिलिमीटरहून थोडा वर लागेल अशी रायफल लावलेली असते. एअर पिस्तुलाचा काळा गोल 59.5 मिलिमीटरचा, म्हणून तो कागद चुकून लावला की तुमचे सगळे छर्रे मध्याच्या खाली जातात आणि तुम्ही उगाच स्क्रू फिरवत बसता. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथले ओपन साइटवाले शिकारी नेम तळाशी न धरता छर्रा किंवा गोळी माशीच्या माथ्यावरच लागेल अशी रायफल लावतात, त्याचं कारण हेच: हरणाच्या अंगावर ठरावीक मापाचा गोल नसतो. त्यांची अंतराची मर्यादाही माशीच ठरवते. डोळ्यापासून मीटरभर असलेली 2 मिलिमीटर रुंद माशी 100 मीटरवर 20 सेंटिमीटर झाकते, म्हणजे जनावराची छातीच झाकली जाते. म्हणून ते दुर्बीणवाल्यांसारखं लांबून मारत नाहीत, जवळ जातात. नाही जाता आलं तर चाप ओढत नाहीत.

चाप, श्वास आणि नंतरचा एक सेकंद

टेबलावर बसून सुरुवात करा. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवू नका, आपला डावा पंजा टेकवा आणि पंजावर रायफल सैल विसावू द्या. स्प्रिंगची रायफल आवळून धरली की दर वेळी वेगळी उसळते. सैल धरली की दर वेळी सारखीच उसळते, आणि आपल्याला सारखेपणाच हवा आहे.

श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. सात-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर बोट बाहेर काढा, रायफल खाली घ्या, पुन्हा सुरुवात. "आता सुटूनच जाऊ दे" म्हणून ओढलेला चाप वाया जातो, आणि तीच सवय लागते. चाप बोटाच्या पहिल्या पेराच्या मांसल भागाने सरळ मागे, हळूहळू वाढत्या दाबाने ओढायचा.

छर्रा सुटला तरी डोळा माशीवरून हलवू नका. एक सेकंद मोजा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत रायफल हलत असते, त्यामुळे मान वर केली की नेमही वर जातो. आणि कागद बघायच्या आधी बोला: "माशी उजवीला होती, उजवीकडे गेला." मग बघा. बोललेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की समजा, तुम्हाला माशी खरंच दिसायला लागली.

स्क्रू केव्हा फिरवायचे

एका छऱ्यावरून कधीच नाही. आधी पाच छर्रे एकाच नेमाने मारा, ते कुठेही पडोत. ते एकत्र पडले असतील तरच त्यांचा मध्य शोधा आणि तो काळ्याच्या मध्यावर आणा. बॅकसाइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच फिरवायची: घोळका डावीकडे असेल तर उजवीकडे, खाली असेल तर वर. माशी हलवायची असेल तर उलट. छर्रे पांगले असतील तर स्क्रूला हात लावू नका. दोष रायफलचा नाही आणि फिरवून तो सापडणारही नाही. छर्रेही एकाच डबीतले, चपट्या तोंडाचे घ्या. ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतात.

मागे भोक असलेली साइट

ओपन साइटवर हात बसला की स्पर्धेची रायफल हातात येईल. तिच्यात खाचेऐवजी बारीक भोक आणि माशीऐवजी कडी असते. भोकाची किमया घरी बघता येते: जुन्या व्हिजिटिंग कार्डाला टाचणीने भोक पाडा, चष्मा काढा आणि त्यातून कॅलेंडर वाचा. अक्षरं उघड्या डोळ्यापेक्षा स्पष्ट दिसतील. त्यातच डोळा आपणहून भोकाचा मध्य शोधतो, म्हणून खाचेतला समान उजेड मोजावा लागत नाही. काम एकच उरतं, कडीत काळा गोल मधोमध ठेवणं. नव्या मुलांनी कडी मोठी घ्यावी. लहान कडीत गोलाची जराशी हालचालही प्रचंड वाटते आणि मूल घाबरून चाप ओढतं.

स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, टिंबाएवढं. नेमबाजाला ते दहा मीटरवरून दिसत नाही. दिसायची गरजही नाही.

मुंबईचा उजेड, मुंबईचा दमट वारा

उघड्या बाजूच्या रेंजवर दुपारी माशीच्या एका कडेला ऊन चमकतं आणि ती कड फुगल्यासारखी दिसते. छर्रे एका बाजूला सरकतात. जुना उपाय कापराचा. देवघरातली एक वडी पणतीत पेटवा, धुराच्या शेंड्यावरून माशी दोनदा फिरवा, म्हणजे तिच्यावर मखमली काळी काजळी बसते आणि चमक जाते. रायफल रिकामी असावी, जवळ तेल-चिंधी नसावी, आणि हे फक्त लोखंडी माशीला. हिरव्या-लाल प्लास्टिकची चमकणारी माशी असेल तर वितळेल. ती माशी मला तशीही आवडत नाही. तिचा ठिपका चमकतो, कड दिसत नाही.

जून ते सप्टेंबर ढगाळ दिवशी उजेड कमी, म्हणून खाचेतल्या फटी अरुंद भासतात. त्या दिवशी स्क्रू फिरवू नका, वहीत "ढगाळ" एवढं लिहून ठेवा. वरळीला समुद्राचा खारा वारा असतो. घरी आल्यावर नळी, माशी, खाचेचे स्क्रू यांवरून तेलाचा बोळा फिरवा आणि रायफल रात्रभर फोमच्या बंद पेटीत ठेवू नका. फोम ओल धरतो आणि माशीच्या बुडाशी गंज चढतो. छर्रे शिशाचे असतात. बाहेर वडापाव खायच्या आधी हात साबणाने धुवा, लहान मुलांचे तर उभं राहून धुऊन घ्या.

टेबलावरून, पंजावर टेकून मारलेले पाच छर्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जायला लागले की ते नाणं, म्हणजे 27 मिलिमीटर, वहीत पेनाने गिरवून तारीख घाला. सलग तीन रविवार हे जमलं की टेबल सोडा आणि उभं राहून पहिला छर्रा कोऱ्या कागदावर मारा.